आठ ओळी, सात नावं

मांजर आडवं गेलं तर मी त्याला वाट देतो आणि तसाच पुढे जातो, इतपत माझा शकुन-अपशकुनांवर विश्वास! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू यायला हवं होतं... येत नाही.

मी नाशिकरोडला राहतो, घरूनच नोकरी करतो. दर रविवारी सकाळी अकराला व्हिडिओ कॉलवर नवशिक्यांना हॅस्केल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो, फुकट. त्यात मखमलाबादची वैशाली होती. घरची फुलशेती. सरावासाठी तिने वडिलांचा रोजचा मेसेज घेतला होता. दुसऱ्या दिवशी झेंडू तोडायला येणाऱ्या बायका, एका ओळीत एक : नाव, गाडीचा थांबा, वेळ. तो मेसेज त्यांना शेतावर नेणाऱ्या पिकअप गाडीवाल्याला जायचा. प्रोग्रामने प्रत्येक ओळ वाचून नावांची लिस्ट करायची, बस्स.

"सर, ओळी आठ हायेत, पण लिस्टमधी सातच नावं येतायत. आठव्या जागी नुसतं 'वाचता आली नाही' येतंय."

"कोण राहिलं?"

"मंदा... माझी आई. ती बी बायकांबरोबर तोडायला जाते."

नवशिक्यांचं नेहमीचंच, कुठेतरी जादा स्पेस असणार. मी ओळ पुन्हा टाइप करायला लावली. सातच. तिची ओळ शेवटची होती, ती वर आणली, तरी सात. मग यादीतल्याच सुमनबाईंची चालणारी ओळ कॉपी करून फक्त नाव बदललं — ती ओळही गेली! फाईल मागवून माझ्या लॅपटॉपवर चालवली. सात.

खरं सांगतो, मला भीती नाही, राग आला होता. वीस वर्षं हेच करतोय मी.

वैशाली हळूच म्हणाली, "सर, लय विचित्र वाटतंय. आईला उद्या जाऊ नको म्हणू का?"

मी मोठ्याने हसलो. "अगं, कॉम्प्युटर पत्रिका बघायला लागला की काय? वाचता न येणारी ओळ वगळायची आणि पुढे जायचं. चल, फिल्टर लाव."

कॉलवरचे बाकीचेही हसले. तिने फिल्टर लावला.

सोमवारी सकाळी झेंडूच्या वाफ्यात तिच्या आईला साप चावला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर वैशालीचा मेसेज आला. "सर, तीच फाईल आज चालवली. कशाला हात लावला नाही. आठ येतायत."

मी माझ्याकडची चालवली. त्या रविवारनंतर ती मीही उघडली नव्हती. आठ नावं आली, त्यात मंदा. लॅपटॉप बंद केला.

नंतर जाणकार मित्रांना ती फाईल दाखवली. तोवर ती नीटच चालत होती, मग ते तरी काय शोधणार? "तुझीच काहीतरी चूक झाली असेल," म्हणाले. असेलही. ती कोणती, ते मला अजून सापडलेलं नाही.

वैशाली अजून शिकते. हुशार आहे. त्या दिवसाबद्दल ती एकदाच बोलली, तेही रागाने नाही.

"सर, तुम्ही हसला नसता ना, तर मी आईला सांगितलं असतं."