नववीचे दोन तास

आमच्या शाळेचं वेळापत्रक करणारे गणिताचे सर तक्त्यासमोर उभे राहिले, की नागपूरचं ऊनसुद्धा त्यांना विचारून पुढे सरकतं. कानामागे पेन्सिल, खिशात खोडरबर. कोणी आपल्या तासासाठी रडत आलं की एकच वाक्य, “बसते गा, बसवतो ना!” हा माणूस उद्या अख्खा तलाव सहाव्या तासात बसवेल. स्वतःची मात्र एकच वेळ त्यांनी कधी हलू दिली नाही. रोज प्रार्थनेआधी फाटकासमोरच्या ठेल्यावर तर्री-पोहे. भूकंप आला तरी आधी तर्री संपणार.

यंदा मुख्याध्यापिका बाईंनी फर्मान काढलं, दिवाळीनंतर नववीलाच दहावीचं गणित सुरू करा. जागा कुठली? माझ्या चित्रकलेच्या दोन तासांची! अशानं पुढल्या वर्षी बालवाडी बीजगणित सोडवत डबा खाईल. मी तणतणत सरांकडे गेलो.

“चित्रकला मेली ना माझी?”

“काहून बोंबलून राहिला गा?” ते खोडरबर फुंकत म्हणाले. “पोट्ट्यायले वर्षभर नववीत तं राहू दे!”

सोमवारी नवा तक्ता लागला. माझे दोन्ही तास जागच्या जागी. दहावीचं गणित आठवड्यातून दोनदा, प्रार्थनेआधी. शिकवणार कोण, तर स्वतः सर.

आता त्या दोन दिवशी पोह्यांचा पुडा मी आणतो. माझ्या तासाला सर मागच्या बाकावर बसून ते गार पोहे खातात, आणि अख्खी नववी त्यांचंच चित्र काढते.