काकूंसाठी गिअरची गाडी

"ही पण नको," विश्वासकाका म्हणाले. गाडी माझ्या गॅरेजमधल्या लिफ्टवर होती. मी तिच्याखाली टॉर्च धरून उभी होते आणि माझी तपासणी निम्मीही झाली नव्हती.

"काका, मी अजून काही बोललेच नाहीये."

"तू 'हं' म्हणालीस. मी ऐकलं."

मी 'हं' म्हणाले होते, कारण खालचा पत्रा गंजलेला होता. गाडी मिशिगनहून आली होती. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाडी खालून खातं. वरून रंग चकाचक असतो. तेव्हा त्या गाडीपुरतं काकांचं बरोबर होतं.

मी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात राहते. मूळची मेकॅनिकल इंजिनिअर. बरीच वर्षं इंजिन टेस्टिंगमध्ये काढली, आता लोकांसाठी सेकंडहँड गाड्या तपासते. याला प्री-परचेस इन्स्पेक्शन म्हणतात. म्हणजे घेणारा मला बोलावतो, मी गाडी वरून-खालून बघते, चालवते आणि काय आहे ते सांगते. घ्यायची की नाही, हे मी ठरवत नाही. ते ज्याचं त्याने.

विश्वासकाका माझे नेहमीचे क्लायंट झाले होते. फार्मा कंपनीत क्वालिटीमध्ये सगळं आयुष्य गेलेलं. "आमच्याकडे बॅचमध्ये शंका आली की बॅच बाद," असं ते अभिमानाने सांगायचे. आता रिटायर झाल्यावर त्यांना एक स्पोर्ट्स सेडान किंवा दोन दारांची कूपे हवी होती, जुनी चालेल, पण गिअरची. मला वाटलं, हौस आली असेल. या वयात पुष्कळ पुरुषांना येते.

"मला नको गं," ते म्हणाले. "सुमतीला पाहिजे."

सुमतीकाकू त्यांच्या पत्नी. लग्नाआधी धुळ्याकडे सरकारी दवाखान्यात डॉक्टर होत्या. ड्रायव्हर रजेवर असला की जीप स्वतः काढायच्या आणि आडगावांत कॅम्पला जायच्या. इथे आल्यावर मुलं, लॅबमधली नोकरी, आणि एकामागून एक मिनीव्हॅन. सगळ्या ऑटोमॅटिक. "मिनीव्हॅन चालवणं म्हणजे सोफ्यावर बसून गावाला जाणं," काकू म्हणायच्या. त्यांना इथल्या ब्लू रिज डोंगरातल्या वळणांवर एकदा गिअर टाकत गाडी चालवायची होती.

गंजलेल्या गाडीनंतर एक लाल कूपे आली. दिसायला झकास. मी स्कॅनर लावला तर कॉम्प्युटरची मेमरी कोरी. इंजिनात बिघाड झाला की गाडीचा कॉम्प्युटर तो कोड म्हणून साठवतो. इथे तर गाडी रोज स्वतःची जी तपासणी करते तिचीही नोंद नव्हती, म्हणजे विकायच्या आधी कोणीतरी सगळं पुसलं होतं. मालक म्हणाला, "बॅटरी बदलली, म्हणून." बॅटरी जुनीच होती. मी काकांना सांगितलं, "ही सोडा." तेही बरोबरच झालं.

मग ती निळी सेडान आली.

जवळच्या चॅपल हिल गावातली एक म्युझिक टीचर रिटायर होऊन अपार्टमेंटमध्ये राहायला चालली होती. तिथे गॅरेज नव्हतं, म्हणून ती गाडी विकत होती. जपानी, चार दारांची, सहा सिलिंडर, मॅन्युअल. पहिल्यापासून एकच मालकीण. इंजिन थंड असतानाच मी पोचले, कारण गार इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर लपवतं. हे इंजिन एका झटक्यात सुरू झालं आणि शांत गुरगुरत राहिलं. गंज नाही, अपघाताची खूण नाही, रंग सगळीकडे सारखा. दोन गोष्टी सापडल्या. पुढच्या चाकांच्या जोडणीतली रबरं, ज्यांना बुशिंग म्हणतात, तडकली होती. आणि इंजिनच्या वरच्या झाकणाशी तेलाचा ओलावा होता.

टेस्ट ड्राइव्हला काकू चालवायला बसल्या, मी शेजारी, काका मागे. पहिल्यांदा गाडी बंद पडली. काकू लाजल्या, हसल्या, पुन्हा सुरू केली. जॉर्डन लेकच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांचा हात बसला. वळणाआधी त्यांनी गिअर खाली आणला, इंजिनचा आवाज चढला आणि गाडी रस्त्याला चिकटून वळली.

"क्लच किती हलका आहे गं! आमच्या जीपचा क्लच दाबायचा म्हणजे सीटवरून उठावं लागायचं."

"सुमती, हळू," मागून काका.

"अहो, तुम्ही डोळे मिटून बसा ना जरा."

मी काकूंना कितीतरी वर्षं ओळखते. गणपतीच्या स्वयंपाकात, मराठी शाळेत, लोकांच्या डोहाळजेवणांत. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. परत आल्यावर ती टीचर अंगणातच उभी होती. आवाज ऐकूनच तिला कळलं असावं. "शी रिअली नोज हाऊ टु ड्राइव्ह," ती मला म्हणाली. "आय'ड लव्ह हर टु हॅव इट."

काका मला बाजूला घेऊन गेले. "तेल गळतंय ना?"

"गळत नाहीये, पाझरतंय. झाकणाखालचं गॅस्केट, ती रबरी पट्टी, बदलली की थांबेल. बुशिंग पण बदलता येतील. एका दिवसाचं काम आहे."

"पण दोष आहे."

"काका, एवढ्या जुन्या गाडीत दोष असणारच. हे मला दिसलेत, समजलेत, दुरुस्त होणारे आहेत. काहीच सापडलं नसतं तर मला जास्त काळजी वाटली असती."

"माझी बायको तिच्यात बसून डोंगरात जाणार आहे, माधवी. तिथे बंद पडली तर?"

"ही मी माझ्यासाठी घेतली असती. याहून स्पष्ट मला सांगता येत नाही."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू अजून गाडीतच, काच खाली करून, स्टिअरिंगवरून हात काढून बसल्या होत्या. "तुम्हाला पटत असेल तर घेऊ," एवढंच म्हणाल्या.

काकांना पटलं नाही. "अजून चांगली मिळेल," ते म्हणाले.

त्यानंतर उन्हाळाभर ते मला जाहिरातींच्या लिंक पाठवत राहिले. काही गाड्या आम्ही बघितल्या, काही फोनवरच बाद झाल्या. काकू हळूहळू यायच्या बंद झाल्या. "तुम्ही बघून या," म्हणायच्या.

पानगळीच्या दिवसांत काकांचा फोन आला. "ती निळी गाडी आहे का गं अजून?"

मला बरं वाटलं. मी टीचरला फोन लावला. गाडी केव्हाच गेली होती, युनिव्हर्सिटीतल्या कोणा ग्रॅज्युएट स्टुडंटकडे. मी काकांना तसं कळवलं.

"काका, तशी दुसरी शोधू आपण."

"नको. सुमतीच्या डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झालाय. एका डोळ्याने आधीच कमी दिसायचं तिला, आता दुसराही गेल्यात जमा आहे. इंजेक्शनं चालू आहेत. पण ड्रायव्हिंग कायमचं बंद, असं डॉक्टर म्हणाले."

"मग गाडी कशाला विचारलीत?"

"तिला सांगायचं होतं," ते म्हणाले, "की घेतली म्हणून."

पुढे महिन्याभराने दोघं माझ्या गॅरेजवर आले. मिनीव्हॅन विकून एक साधी ऑटोमॅटिक सेडान घ्यायची होती, काकूंना उतरायला-चढायला सोपी. मी ती तपासत होते, तेव्हा काकू भिंतीला हात लावत शेजारच्या गाडीपाशी गेल्या. ती दुसऱ्या क्लायंटची कूपे होती, गिअरची. दरवाजा उघडा होता.

"बसू का गं नुसती?"

मी मालकाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, खुशाल बसू दे. काकू बसल्या. इंजिन बंदच होतं. त्यांनी डाव्या पायाने क्लच दाबला आणि पहिला, दुसरा, तिसरा असे गिअर टाकत गेल्या, प्रत्येक वेळी क्लच सोडत, पुन्हा दाबत. काका त्यांची पर्स धरून उभे होते. थोड्या वेळाने ते पाणी आणतो म्हणून बाहेर गेले.

"त्यांना काही बोलू नकोस हं," काकू मला म्हणाल्या. "ते माझ्या काळजीपोटीच करत होते. मला तेव्हा म्हणता आलं असतं की हीच हवी. मी पण म्हटलं नाही." मग त्यांनी गिअर न्यूट्रलला आणला, हलवून खात्री करून घेतली आणि उतरल्या.

ऑटोमॅटिक सेडानचे मागचे ब्रेक पॅड संपत आले होते. मी ते सांगितलं. काकांनी मान हलवली आणि गाडी घेतली. आता ते तीच गाडी घेऊन काकूंना डोळ्यांच्या दवाखान्यात नेतात. काकू बऱ्या आहेत. ब्लू रिजला दोघं अजून गेलेले नाहीत.

भरवशाची आणि मजेची जुनी गाडी कशी निवडायची, हे लोक मला सारखं विचारतात. गंज बघा, गार इंजिन सुरू करून ऐका, मालकाने कशी ठेवलीय ते बघा. दोष सापडले तर ते दुरुस्त होणारे आहेत का, एवढंच विचारा. आणि जो चालवणार आहे त्याने गाडी चालवून परत आल्यावर त्याचा चेहरा बघा. तो चेहरा तसा दिसला, तर त्याच आठवड्यात घेऊन टाका. गॅस्केट नंतर बदलता येतं.