आमच्या वाट्याची वेळ

दादाला घरात सगळे कुलूपवाला म्हणायचे. हॉस्पिटलचे सर्व्हर तो सांभाळायचा, आणि सर्व्हरवरचं बोलणं तिसऱ्याला कळू नये म्हणून त्याला कुलूप घालणारं सॉफ्टवेअर असतं, एवढंच आईला त्यातलं समजलं होतं. स्वतःच्या कपाटाची किल्ली मात्र हा पठ्ठ्या सारखा हरवायचा.

आई आजारी पडली आणि त्याच हॉस्पिटलात दाखल झाली. संसर्गाच्या वॉर्डात कोणालाच आत सोडत नव्हते. दुपारी सिस्टर त्याच सर्व्हरवरून चालणारी व्हिडिओ कॉलची स्क्रीन घेऊन खाटेखाटेपाशी जायची, एकेका घराला पाव तास. फोनचा उपयोग नव्हता. आईला ऐकू कमी यायचं, समोरच्याचं तोंड दिसलं तरच बोलणं कळायचं.

एके दिवशी त्या कुलपातच खोट निघाली. कोणी मुद्दाम वेडावाकडा संदेश पाठवला की सर्व्हर तो उलगडण्यातच अडकून पडायचा आणि खऱ्या माणसांना दार उघडायचंच नाही. चोरी काही होत नव्हती, नुसती अडवणूक. सकाळपासून दोनदा तसं झालं. दुपारी भेटी सुरू असतानाच दुरुस्ती आली. ती लगेच घातली नाही तर सगळ्यांच्याच भेटी अडायच्या, पण ती घालायला सर्व्हर पाव तास बंद ठेवावा लागणार होता. दादाने आमची वेळ निवडली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आपलीच आई सापडली का रे तुला?"

"मग कोणाची वेळ बंद करू? तूच सांग एखादं घर," तो म्हणाला. "आईला उद्या भेटू ना."

दुरुस्ती चोख झाली. पुढच्या खाटेवरचे आजोबा नातवंडांशी पोटभर बोलले.

दुसऱ्या दिवशी भेटीची वेळ व्हायच्या आतच आई गेली.

तिचं सामान द्यायला सिस्टर बाहेर आली. म्हणाली, "काल आजींनी केस विंचरून घेतले होते. स्क्रीन काळीच राहिली, तर मला म्हणाल्या, माझाच मुलगा बसलाय तिकडे कामाला. मग त्या स्क्रीनलाच काहीबाही सांगत राहिल्या."

"काय सांगत होती?" दादाने विचारलं.

"मी पलीकडच्या खाटेपाशी होते हो. जेवून घे, एवढंच ऐकलं."

बंद सर्व्हरवर बोललेलं कुठेच राहत नाही, हे त्याच्याइतकं पक्कं कोणाला माहीत असणार? तरी घरी येऊन सर्व्हरच्या नोंदींतला तो पाव तास त्याने पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. शेवटी मी त्याच्यापुढे ताट सरकवलं. आईने सांगितलं होतं म्हणून तो रडत रडत जेवला.