पोरीचं ताट कुठाय?

‘मुलीसारखी’ हा शब्द कुणी माझ्यासमोर उच्चारला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. मुलगी म्हणा, नाहीतर मोलकरीण म्हणा. मधलं हे ‘सारखी’ कुठनं काढलं?

नव्वदीच्या दशकात मी दहावी झाले तेव्हा आमच्या गावात पुढचं शिक्षण नव्हतं. गाव पार कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं. घरात कानडी, शाळेत मराठी. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, छोटं किराणा दुकान. अव्वाच्या, म्हणजे आईच्या, दुखण्यासाठी ते तिला शहरात, राजारामपुरीत, एका डॉक्टर नवराबायकोकडं आणायचे. त्यांचा खाली दवाखाना, वर घर, आणि घरात दोन वर्षांचा मुलगा. एकदा डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "पोरीला आमच्याकडं पाठवा की. बाळाला बघेल, कॉलेज करेल. आमच्या मुलीसारखी राहील." अप्पांना आभाळ ठेंगणं झालं. पगाराचा विषय निघालाच नाही. मुलीला कोण पगार देतं?

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "मला मॅडम नको म्हणू हं, काकू म्हण." केवढं बरं वाटलं होतं मला! खुळी मी. त्या एका ‘काकू’त माझा रविवार गेला, संध्याकाळ गेली आणि नाही म्हणायची सोय गेली. धुण्याभांड्याला एक मावशी यायच्या. काम झालं की पदर खोचून सरळ घरी. अमावास्येला दांडी, दिवाळीला साडीवरून भांडण, आणि साडी घेऊनच जायच्या. मी कशाच्या जोरावर भांडणार? सुट्टी मागितली की काकू हसायच्या, "अगं, घरची मुलगी कधी सुट्टी मागते का?"

बाळ मात्र गोड होतं. मला अक्का म्हणायचं. राग त्याच्यावर कधीच नव्हता.

आम्ही लिंगायत. आमच्यात मटण चालत नाही, आणि ते घर रविवार-बुधवार मटणाचं. त्याचाही मला राग नव्हता, ज्यानं त्यानं आपलं खावं. पण पहिल्या रविवारी काकूंनी मोठ्या मायेनं माझ्यापुढं पांढऱ्या रश्श्याची वाटी ठेवली. म्हणाल्या, "घे की, नुसता रस्सा हाय. फोडी सगळ्या काढल्यात." मी वाटीकडं बघतच राहिले. शिकलेली माणसं, बरं का! मटण शिजलं ते कशात शिजलं? काकूंना मात्र खरंच वाटत होतं की फोड काढली म्हणजे शाकाहार झाला. त्या दिवशी मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. काकूंना वाईट वाटलं आणि त्यांनी तोडगा काढला, "तुमच्यात चालत न्हाई ना, मग तुझं ताट वेगळंच ठेवू." ते ताट सिंकखाली गेलं. मीही त्याच्या मागोमाग ओट्याखाली गेले, फरशीवर, सगळ्यांचं आटपल्यावर. माझ्याच सोयीसाठी म्हणे!

हे मी गावाकडं कधी सांगितलं नाही. अप्पांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी पेटी उचलून घरी, आणि पुढच्या वैशाखात मामाच्या पोराशी अक्षता. मला बारावी करायची होती, मास्तरीण व्हायचं होतं. म्हणून मूग गिळून बसले. पण बारावीच सुटत चालली होती. सकाळी कॉलेजला निघाले की काकू जिन्यात गाठायच्या, "आजच्या दिवस राहा गं, दवाखान्यात गर्दी हाय." असे किती ‘आजच्या दिवस’ गेले! शेवटी वर्गशिक्षकांनी बजावलं की हजेरी अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही. माझा जीव टांगणीला लागला. इकडं सांगावं तर काकू, तिकडं सांगावं तर मामाचं पोर.

आणि अशातच एका रविवारी, न कळवता, अप्पा आले. हातात शेंगांची पिशवी, डोक्याला पांढरी टोपी.

घरी पंगत बसणारच होती. "या या पावणं, आधी जेवून घ्या," म्हणत डॉक्टरकाकांनी त्यांना टेबलाला बसवलं. वाढायला मी. तांबडा, पांढरा, सगळं टेबलावर. काकू अप्पांना म्हणाल्या, "तुमच्यासाठी नुसता रस्सा घेतलाय, फोडी काढून." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. अप्पा नुसते हात मांडीवर ठेवून बसले.

काकूंना वाटलं, मटणामुळं अडलंय. वाटी उचलली, दही आणलं. हात मांडीवरच. तूपसाखर आणि चपाती आली. "लाजू नका पावणं, घ्या की." हात मांडीवरच. केळं आलं, दूध आलं. टेबलावर जागा राहिली नाही. काकूंचा चेहरा पडत चालला. मला एकटीला ठाऊक होतं अप्पा कशासाठी थांबलेत. आमच्या घरात रीत आहे, घरातल्या शेवटच्या माणसाचं ताट वाढून तो बसेपर्यंत कुणी भाकरी मोडत नाही. अव्वासुद्धा सगळ्यांबरोबर बसते. अप्पा मी बसायची वाट बघत होते.

शेवटी त्यांनीच विचारलं, "पोरीचं ताट कुठाय?"

"ती मागनं जेवते की," काकू म्हणाल्या, "तिला सवय हाय."

"अक्काचं ताट तिकडं हाय," बाळानं बोट दाखवलं, "सिंकखाली."

अप्पांनी तिकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. उठले आणि कानडीत एवढंच म्हणाले, "नडी. पेटी भर." नडी म्हणजे चल.

माझं डोकंच फिरलं. ह्यांनी मला ओट्याखाली बसवायचं आणि त्याची शिक्षा म्हणून माझी बारावी जायची? मी ओरडलेच, "मी न्हाय येणार! परीक्षा दिल्याशिवाय ह्या गावातनं हलणार न्हाय!" काकूंकडं वळले, "आणि काकू, उद्यापासनं एक दिवस कॉलेज चुकवणार न्हाय. बाळ रडू दे न्हायतर दवाखाना बुडू दे!"

"मुलीसारखं ठेवलं, त्याचे हे पांग फेडतीस व्हय?" काकू म्हणाल्या.

"कुठली मुलगी? तुमची मुलगी सिंकखाली जेवली असती का?"

काका ताटातल्या हाडाकडं बघत बसले. मी सिंकखालचं माझं ताट काढलं, टेबलावर आपटलं, खुर्ची ओढली आणि बसले. दहीचपाती वाढून घेतली. डोळ्यांतनं पाणी चाललेलं, तरी चावत राहिले. अप्पा बसले नाहीत. त्या घरात पाणीही न घेता जिना उतरले. पण पेटीचं नाव परत काढलं नाही.

मला हाकललं नाही. बाळाला कोण बघणार होतं? परीक्षेपर्यंत मी रोज ताट घेऊन टेबलालाच बसले. काकू तोंड फिरवून जेवायच्या. फिरवा म्हटलं. पहिल्या पेपरच्या सकाळी खाली रस्त्यावर अप्पा उभे. "वर या की," काकूंनी गॅलरीतनं हाक मारली. अप्पांनी मानही वर केली नाही. एका बंद दुकानाच्या पायरीवर त्यांनी अव्वाच्या हातच्या भाकरीचं फडकं सोडलं आणि मी बसेपर्यंत हात मांडीवर ठेवला.

आता मी कसबा बावड्यात शाळेत शिकवते. दोन हजार सालानंतर कधीतरी, राजारामपुरीत भाजी घेताना काकू भेटल्या. भाजीवालीला अभिमानानं सांगितलं, "ही आमच्याच घरात शिकली बघा." मग माझा हात धरून म्हणाल्या, "धाकट्या जावेला बाळ झालंय गं. तुमच्या गावाकडची एखादी पोरगी बघ की. मुलीसारखी ठेवू."

मी विचारलं, "जेवायला कुठं बसवणार?"

"म्हणजे?" काकू खरंच गोंधळल्या. मग हसल्या, "अगं, बसेल की कुठंही. होईल तिला सवय."

मी पिशवी उचलली. "न्हाय मिळणार काकू," म्हटलं. "आमच्या गावच्या पोरी आता आधी ताट बघतात."