कसब्यात करून घेतलेला शिक्का

सरकारने कोर्टात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात लिहिलं होतं, की सदर फाईल सक्षम अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी गोपनीय ठरवली होती. ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि मला हसू आलं. तो सक्षम अधिकारी म्हणजे मी. आवक-जावक टेबलावरची लिपिक, खिडकीजवळची खुर्ची, पाठीला घरून आणलेली उशी.

निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली. कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच असतो. मी मेथी निवडत बसले होते तेव्हा एक तरुण वकीलबाई हे प्रतिज्ञापत्र घेऊन आल्या. त्यांचा अशील धायरीचा एक वायरमन. बारा वर्षांपूर्वी एका बांधकामावरची तांब्याची वायर चोरीला गेली म्हणून पोलिसांनी त्याला चौकशीला नेलं आणि पाच दिवस ठेवलं. अटकेची नोंद नाही, मॅजिस्ट्रेटसमोर हजर केलं नाही. बाहेर आला तेव्हा त्याला चपला घालता येत नव्हत्या. त्याने सरकारवर दावा लावला, तर सरकार म्हणालं, हा कामावर शिडीवरून पडला होता. आता शिडीवरून पडणाऱ्या वायरमनला कोण काम देणार? गावात तर पिऊन पडला असंही झालं.

त्याचं म्हणणं एवढंच होतं, की तेव्हा सरकारी डॉक्टरने मला तपासून अहवाल लिहिलाय, तो काढा. अहवाल आमच्या ऑफिसच्या फाईलमध्ये होता, कारण पोलिसांविरुद्धच्या तक्रारी वरच्या साहेबांकडे आमच्याच ऑफिसात यायच्या. आणि फाईल गोपनीय. ती उघड केली तर सार्वजनिक हिताला बाधा येईल. कशी येईल विचारलं, तर ते सांगण्यानेही बाधा येईल. बारा वर्षं हेच चाललेलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, इथे तर माणसाचे केस पिकले.

वकीलबाईंनी कुठून तरी आमच्या आवक रजिस्टरच्या पानाची नक्कल मिळवली होती. रजिस्टर बाहेर आलं, कारण त्यावर शिक्का मारायचं मी विसरले होते. त्या पानावर माझी छोटी सही होती. बाईंनी विचारलं, फाईल गोपनीय आहे हे तुमच्याकडे ठरवायचं कोण? मी म्हटलं, अहो, ठरवायचं कसलं, मी शिक्का मारायची.

ही शिक्क्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या ऑफिसात साधा कागद निघाला की गावभर हिंडायचा. या टेबलावरून त्या टेबलावर, कुणाच्या तरी डब्याखाली, मग कपाटामागे. मी नवीन लागले तेव्हा आमच्या हेडक्लार्क बाईंनी मला एकच गोष्ट शिकवली. कागद जिवंत राहावा असं वाटत असेल तर त्यावर लाल 'गोपनीय' मार, लखोट्यात घाल, डिंक लाव. तो कुणी उघडत नाही. साधं टपाल दुय्यम साहेब रोज दुपारी चहाच्या आधी उघडून, तातडीचं तेवढं मार्गी लावून, बाकीचं टेबलांवर सोडायचे. गोपनीय लखोटा मात्र मोठ्या साहेबांनीच उघडायचा, तोपर्यंत त्यांच्या कपाटात कुलपात. मला ही पद्धत फार आवडली. ऑफिसचा शिक्का झिजला होता, त्याचं पहिलं अक्षर उमटायचंच नाही. नव्याची मागणी करून दोन वर्षं झाली, तेव्हा मीच कसबा पेठेत जाऊन एका शिक्केवाल्याकडून नवा करून घेतला. लाकडी मुठीचा, छान ठसठशीत. सरकारचं गुपित म्हणून बारा वर्षं जे कोर्टात मिरवत होतं, ते त्या शिक्केवाल्याने मी समोरच्या दुकानात उसाचा रस पिईपर्यंत तयार केलं होतं.

मी तो कशावर नाही मारला? पाण्याची टाकी धुण्याच्या पत्रावर, मोडक्या खुर्च्यांच्या यादीवर, माझ्या स्वतःच्या रजेच्या अर्जावर. लोकांच्या अर्जांवर तर हमखास. कुणी रडकुंडीला आलेलं माणूस अर्ज घेऊन आलं की मला वाटायचं, याचा कागद तरी हरवू नये. बाकी माझ्या हातात होतं काय?

वकीलबाई ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, हे कोर्टात सांगाल? मी मेथीची जुडी पुढे ओढली आणि विचार करते म्हटलं. म्हणजे नाही, हे पुण्यात कुणालाही कळतं. त्याही समजल्या आणि चहा न घेता गेल्या.

आमचे हे शाळेत गणित शिकवायचे. त्यांना मी सांगितलं तर म्हणाले, हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचं असेल तर खुशाल जा. पेन्शन थांबली की आधी वर्तमानपत्र बंद करू, मग सकाळी तू भांडायला विषय कुठून आणतेस ते बघू. त्यांचं चूक नव्हतं. ऑफिसातली माहिती बाहेर दिली म्हणून कुणाकुणाची पेन्शन अडकल्याचं मी ऐकलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. इतकी वर्षं त्या कागदांची धूळ खाल्ली, आता पुन्हा तेच लखोटे, तेच आवक क्रमांक. आपण बरं, आपलं घर बरं. महिनाभर मी वकीलबाईंचा फोन उचलला नाही.

मग एक दिवस खालून वॉचमनचा फोन आला, कुणी मावशी दीड तास पार्किंगमध्ये बसल्यात, नाव सांगत नाहीत, वर सोडू का? वायरमनची आई होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत शेतातल्या घेवड्याच्या शेंगा. धायरीला आता शेत कसलं, चार बिल्डिंगांच्या मधली एक पट्टी राहिली आहे म्हणाली. माझ्याकडे टक लावून बघत होती. तुम्ही मला वळखलं न्हाई, म्हणाली. मी नाही म्हटलं, आणि मला बरं वाटलं नाही. रोज वीसपंचवीस माणसं यायची, कुणाकुणाला लक्षात ठेवणार?

तिने काही विनवण्या केल्या नाहीत. शेंगा ओट्यावर ठेवल्या आणि सांगितलं, की लेक आता शिडीवर चढतच नाही. टाचा टेकत नाहीत. लोकांचे मिक्सर दुरुस्त करतो, तेही ओळखीचे लोक देतात म्हणून. मग म्हणाली, "पाय ह्याचे. मार ह्यानं खाल्ला. आन त्यो कागुद सगळ्या सायबांनी वाचायचा, ह्यानंच वाचायचा न्हाई, असं कसं वो बाई?"

इतक्या वर्षांत असा सरळ प्रश्न आमच्या ऑफिसात कुणी विचारला नव्हता. ती गेल्यावर मी वकीलबाईंना फोन लावला. आमचे हे पलीकडे बसून ऐकत होते. मग त्यांनी उठून शेंगा निवडायला घेतल्या.

साक्षीला पाच वेळा गेले. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात, एकदा आमचाच नंबर लागला नाही, एकदा वीज गेली. पाचव्यांदा उभी राहिले तेव्हा पाय दुखत होते आणि मनात भीती वगैरे काही उरली नव्हती. सरकारी वकील चांगले उंचेपुरे होते. फाईल गोपनीय ठरवण्याचा अधिकार आपल्याला होता का, असं त्यांनी दरडावून विचारलं. मी नाही म्हटलं. मग ठरवली कोणी? कोणीच नाही, मी म्हटलं, कागद हरवू नये म्हणून मी शिक्का मारला. न्यायाधीशांनी मान वर केली आणि आणखी कशावर हा शिक्का मारला होता ते विचारलं. मी टाकी सांगितली, खुर्च्या सांगितल्या, रजेचा अर्ज सांगितला. रजेच्या अर्जावर कशासाठी? नाहीतर तो रजा संपल्यावर मंजूर व्हायचा, मी म्हटलं. टंकलेखिका हसली. न्यायाधीश हसले नाहीत, त्यांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

दोन महिन्यांनी हुकूम झाला. न्यायाधीशांनी फाईल आत नेऊन स्वतः वाचली. चौकशीचा भाग बंदच राहील, पण आईने तेव्हा आमच्या ऑफिसात दिलेला मूळ अर्ज आणि डॉक्टरचा अहवाल या दोन कागदांच्या नकला द्याव्यात. सगळं नाही मिळालं, पण जे हवं होतं ते मिळालं. वकीलबाई आनंदाने मला मिठी मारायला आल्या. मला अशी सवय नाही, मी पर्स आमच्या दोघींच्या मध्ये धरली.

नकला मिळाल्या त्या दिवशी आम्ही कोर्टाच्या कॅंटीनमध्ये बसलो. वकीलबाईंना दुसरी तारीख होती, त्या गेल्या. वायरमन मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसला. चाळिशीचा, शांत, खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीपासून जरा उचलून धरणारा. त्याचा चष्मा घरी राहिला होता आणि आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचायला घेतलं. दोन्ही तळव्यांवर सूज, काळेनिळे वळ. कठीण, बोथट वस्तूने. पडण्याने असे होत नाही, हेही डॉक्टरने शेवटी लिहिलं होतं, स्वच्छ अक्षरात. वायरमनने डोळे मिटून घेतले. आई त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. आयुष्यात एक तरी काम पुरं केलं असं वाटलं, आणि मी पुढे वाचत गेले. सर्व जखमा तीन दिवसांच्या आतल्या, तपासणी शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा.

मग खालचा कागद वर घेतला. आईचा अर्ज, कुणाकडून तरी लिहून घेतलेला. मुलाला काल नेलंय, त्याला मारतील, साहेबांनी लगेच लक्ष घालावं. वर माझा लाल शिक्का, नकलेत काळा आलेला. त्याखाली माझ्या अक्षरात आवक क्रमांक आणि सोमवार. कोपऱ्यात मोठ्या साहेबांची सही, लखोटा उघडला, शुक्रवार. साहेब त्या आठवड्यात गुरुवारपर्यंत बाहेरगावी प्रशिक्षणाला होते. ते मला तिथे बसल्या जागी आठवलं. कपाटाला कुलूप होतं.

मी वाचायची थांबले. वायरमनने डोळे उघडले आणि विचारलं, सोमवार म्हणजे अर्ज सोमवारी पोचला होता? मी हो म्हटलं. तो म्हणाला, "सोमवारी मला नुसतं बाकावर बसवून ठेवलं होतं. मंगळवारी संध्याकाळपासून मारायला घेतलं."

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. त्या दोघांना लखोट्याचा नियम कुठून माहीत असणार? पण ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं भांडण झालं ती पुन्हा आपणच झाकायची, एवढा निर्लज्जपणा माझ्याने झाला नाही. मी सांगितलं, की साधं टपाल दुय्यम साहेब त्याच दिवशी उघडायचे. यावर शिक्का होता म्हणून तो शुक्रवारपर्यंत कपाटात राहिला. शिक्का मी मारला होता. मला माझीच किळस येत होती.

शिक्का नसता तर कधी उघडला असता, त्याने विचारलं. मी म्हटलं, सोमवारीच, दुपारी चहाच्या आधी. त्याने अर्जाचा कागद माझ्या हातातून घेतला, त्या शिक्क्याकडे बघितलं आणि कागद टेबलावर पालथा ठेवला.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तुमच्यासमोरच उभी होते त्या दिशी. तुम्ही मला पाणी दिलं. म्हनलात, काळजी करू नका मावशी, शिक्का मारलाय, आता कागद कुठं जात न्हाई."

हे मी म्हटलं असणार. मी सगळ्यांनाच म्हणायची.