माझ्या हातात आलेला श्वास

माझा नवरा गेला, असं मला एकाच दिवसात वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. आधी दवाखान्याच्या पायरीशी, मग धावत्या बसमध्ये. मी लहानपणापासून रामकृष्णाचं नाव घेत आले. आईने लावलेली सवय ती. भाकरी थापताना, पाणी भरताना, रोवणीत वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावताना ओठ आपोआप हलायचे. पण त्या दिवशी, खरोखरी गरज पडली तेव्हा, नाव तोंडातून फुटेना. डोक्यात एकच प्रश्न गरगरत होता, इतकी वर्षं ज्याला हाक मारली तो आहे तरी का?

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. आमचं शेत कोंढ्याजवळ, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, खालच्या अंगाला. रोवणी ऐन भरात होती. सकाळची न्याहारी आटोपून हे बांधीत, भाताच्या वाफ्यात, उतरले आणि पऱ्ह्यांची पेंढी उचलायला त्यांनी हात घातला. पेंढीखाली नाग होता. आमच्याकडे साप चावला असं कोणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. बाया ओरडल्या, "पान लागलं, पान लागलं!" मी चिखलातून धावत गेले तेव्हा हे धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून मनगट धरून होते आणि माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न करत होते.

माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, यांनी बैलगाडी जुंपली आणि मांत्रिकाच्या गावाचा रस्ता धरला. भासऱ्यांसमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, मोठ्याने बोलणं तर दूरच. त्या दिवशी मी गाडीपुढे जाऊन बैलांची वेसण धरली. "दादा, दवाखान्यात चला. मांत्रिकाकडं नाही."

"तुले काय समजते? बाजूला हो!"

"नाही होत. गाडी माह्या अंगावरून न्या."

एवढं बळ माझ्यात कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. भासऱ्यांनी बैल कोंढ्याकडे वळवले. वाटेतच यांच्या पापण्या जड झाल्या. "झोप येऊन राहिली," म्हणाले, पण शब्द तोंडात लोळत होते. दवाखान्याशी उतरवेपर्यंत मान टाकलेली, तोंडातून लाळ गळत होती. पायरीवरचा एक म्हातारा म्हणाला, "गेला हो पोरगा."

आमचे डॉक्टर तेव्हा पन्नाशीचे असतील. कोंढ्यात त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. पंचक्रोशीतली बाळंतपणं, ताप, हगवण, मोडलेली हाडं, सगळं त्यांच्याचकडे. पण दर आठवड्याला एक दिवस ते दवाखान्याला कुलूप लावून भंडाऱ्याला जायचे. तिथल्या दवाखान्यात त्यांचे मित्र होते, त्यांच्या हाताखाली उभे राहून नवं काही शिकायचे, आपण पाठवलेल्या पेशंटांच्या खाटांशी जाऊन बसायचे, येताना औषधं घेऊन यायचे. लोक कुरकुरायचे. "डॉक्टर भंडाऱ्याले कायले जाते? इथं पेशंट कमी हायेत काय?" त्या फेऱ्यांचा उपयोग काय, ते त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या बर्फाच्या पेटीत सापाच्या विषावरची इंजेक्शनं होती, आणि कपाटात एक काळी रबरी पिशवी होती, पुढे तोंडावर बसवायची वाटी असलेली. दोन्ही भंडाऱ्याच्या मित्राकडून मागून आणलेलं.

डॉक्टरांनी शिरेत औषध सोडलं. त्याच वेळी दारातल्या माणसाला ओरडून सांगितलं, "पोस्टात पळ! भंडाऱ्याले फोन लाव. म्हणावं, कोंढ्याचा डॉक्टर नाग लागलेला पेशंट घेऊन येऊन राहिला. नळी तयार ठेवा, औषध तयार ठेवा." मग ते यांच्या छातीकडे पाहत राहिले. छाती हलेनाशी झाली होती. त्यांनी ती वाटी यांच्या नाकातोंडावर दाबली आणि पिशवी दाबली. छाती वर आली. सोडली, छाती खाली गेली. मला वाटलं, मी स्वप्न पाहत आहे.

"औषध इथलं पुरणार नाही," डॉक्टर म्हणाले. "भंडाऱ्याले न्यावंच लागते. पण कशानं?" एसटी निघून गेली होती. त्यांच्याकडे फटफटी, तिच्यावर असा माणूस कसा नेणार?

दवाखान्यासमोर चहाची टपरी आहे. तिच्यापुढे त्याच क्षणी एक मोठी बस उभी राहिली. जवाहरनगरच्या फॅक्टरीतल्या लोकांची बस होती, बायकामुलांसह पवनीच्या पंचानन गणपतीचं दर्शन करून परत निघालेली. ते खरं तर थांबणार नव्हते. एका लेकराला मळमळायला लागलं म्हणून ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, एवढंच. डॉक्टर पिशवी माझ्या भासऱ्यांच्या हाती देऊन रस्त्यावर धावले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मला दिसलं ते असं, की बसमधून माणसं भराभरा उतरली, मागची बाकं रिकामी झाली, आणि चार जण खाट घ्यायला आत आले. त्यांच्या मागोमाग पांढऱ्या साडीतली एक सावळी, ठेंगणी बाई आली. तिने पहिल्यांदा यांचा जबडा दोन्ही हातांनी वर उचलून धरला आणि भासऱ्यांवर डाफरली, "ऐसा नहीं! हवा अंदर नहीं जा रही. मुंडी पीछे करो!"

ती लीलाम्मा सिस्टर. केरळची, फॅक्टरीच्या दवाखान्यात नर्स. शेजारणींच्या आग्रहाने ती त्या दिवशी देवळाला आली होती.

बस निघाली. अर्धे लोक कोंढ्यातच थांबले, मागून येतो म्हणाले. बाकांमधल्या मोकळ्या जागेत गादी टाकून यांना निजवलं. सिस्टरने जबडा धरला, डॉक्टरांनी एका हाताने नाडी, दुसऱ्या हाताने सलाइनची बाटली. भासऱ्यांचा हात आता चालेना. डॉक्टर माझ्याकडे वळले. "वहिनी, पिशवी तुम्ही घ्या. दाबा, मग सोडा. घाई नका करू. मनात काहीतरी म्हणत राहा, म्हणजे लय चुकणार नाही."

पिशवी हातात आली आणि अडकलेलं नाव सुटलं. दाबताना राम, सोडताना कृष्ण. राम, कृष्ण. राम, कृष्ण. मोठ्याने म्हणत होते मी, परक्या माणसांनी भरलेल्या बसमध्ये, पदराचं भान नसताना. रस्ता खड्ड्यांचा, गाडी उसळत होती, आणि प्रत्येक रामाबरोबर यांची छाती वर येत होती. ते पाहून मला रडू आलं आणि त्याच वेळी अंगातून आनंदाची एक लाट उठली. असा आनंद लग्नात झाला नाही, देवळात झाला नाही. मी घेतलेलं नाव हवा होऊन माझ्या माणसाच्या अंगात शिरताना मला दिसत होतं!

अड्याळच्या पुढे एका वयस्क गृहस्थाने वाकून यांची पापणी उघडली. बुबुळ स्थिर, मोठं. तो हळूच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, खत्म झालं. कायले त्या बाईचे हाल करता?"

माझे हात थबकले.

"नाडी माह्या बोटाखाली हाय," डॉक्टर म्हणाले. "विषानं डोळे असे होतात. वहिनी, थांबू नका! राम म्हणा!"

मी म्हणाले. मग बसमधल्या बायका म्हणू लागल्या, मग पुरुषही. कोणी बंगाली होतं, कोणी पंजाबी, कोणी आपल्या नागपूर-भंडाऱ्याचं. साऱ्या बसचा एकच राम, एकच कृष्ण. ड्रायव्हरने भोंग्यावरचा हात काढलाच नाही.

मनगटात गोळा आला तेव्हा सिस्टर म्हणाली, "अब मुझे दो."

मी मान हलवली. देईना. मला वाटलं, माझा हात निघाला की यांचा श्वास निघाला.

तिने माझ्या दंडाला हात लावला. या वेळी आवाज मऊ होता. "बहन, तुम दबाती हो, छोड़ती नहीं हो. देखो, बैग भरता ही नहीं. थक गई हो. छोड़ो."

मी खाली पाहिलं. खरंच होतं. भीतीने माझी मूठ घट्ट झाली होती, पिशवी चेपलेलीच राहत होती, हवा पुरी भरत नव्हती. मी बोटं उघडली आणि पिशवी तिच्या हातात दिली. त्या दिवशी पहिल्यांदा मी मनातून म्हटलं, देवा, घे, तुझं तू पाहा. सिस्टरने पिशवी दाबली आणि यांची छाती पूर्वीपेक्षा जास्त वर आली.

भंडाऱ्याच्या दवाखान्याच्या फाटकात डॉक्टरांचे मित्र स्वतः उभे होते, ढकलगाडी घेऊन. फोन पोचला होता. घशात नळी घातली, औषधावर औषध गेलं. श्वासाचं यंत्र तिथे नव्हतं. पिशवी हातानेच दाबायची होती, संध्याकाळपर्यंत, गरज पडली तर त्याच्याही पुढे. मग सारे पाळीने बसले. डॉक्टर, त्यांचे मित्र, सिस्टर, भासरे, बसमधली दोन तरुण माणसं, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको. आमच्या डॉक्टरांनी दर आठवड्याला येऊन तिथे किती माणसं जोडली होती, ते मला तेव्हा कळलं. वॉर्डातला प्रत्येक जण "कोंढ्याच्या डॉक्टरांचा पेशंट" म्हणून पाळी मागत होता.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा यांच्या कपाळावर आठी पडली. मग एक बोट हललं. सिस्टर नाचायचीच बाकी राहिली! दुपारी नळी काढली. डॉक्टर वाकून म्हणाले, "काय भाऊ, ओळखलं काय मले?"

यांचा आवाज भेगाळलेला होता. "सारं ऐकत होतो मी, डॉक्टरसाहेब. तो माणूस खत्म झालं म्हणाला तवा मी जीव तोडून ओरडून राहिलो होतो, मी आहो नं, मी आहो! पण ओठच हलेना." मग माझ्याकडे पाहिलं. "तू राम म्हटलं का हवा यायची. मी त्या रामाची वाट पाहत पडलो होतो."

भासरे बाहेर जाऊन भिंतीला टेकून ढसढसा रडले.

मी डॉक्टरांच्या पाया पडायला वाकले तर ते मागे सरकले. म्हणाले, "माह्या पाया काहून पडता? बस मी थोडीच थांबवली होती?" सिस्टरकडे गेले तर ती म्हणाली, "मैं तो घूमने आई थी." जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. सगळ्यांची बोटं जिकडे वळत होती तिकडे मी मनोमन डोकं टेकवलं. चमत्कार होता की नव्हता, यावरून मी कोणाशी कधी भांडले नाही. औषध औषधाचं काम करत होतं, हे मला ठाऊक आहे. पण सगळ्यांचे हात एकाच श्वासाला लागावेत, असं कोणी जुळवलं, ते मला सांगता येत नाही. लीलाम्मा सिस्टर पुढे दरवर्षी नवा तांदूळ निघाला की आमच्याकडे यायची आणि भासऱ्यांना त्या पहिल्या डाफरण्याची आठवण करून देऊन हसायची.

पुढच्या रोवणीत एका सकाळी डॉक्टरांचा निरोप आला, तातडीने या. दवाखान्यात एक तरुण मुलगी निजलेली होती, तिलाही पान लागलेलं, पापण्या मिटत चाललेल्या, श्वास मंदावलेला. तिची आई पायथ्याशी बसून कपाळ बडवून घेत होती. भंडाऱ्याला फोन गेला होता, जीप यायची होती. डॉक्टरांनी पिशवी माझ्या हातात दिली. मी थोडा वेळ दाबली. मग त्या आईला उठवून जवळ बसवलं, तिची बोटं पिशवीवर ठेवली आणि म्हटलं, "बाई, रडू नका. तुमच्या देवाचं नाव घ्या. दाबा... आता सोडा. भिऊ नका, पुरं सोडा."

आणि मी माझा हात काढून घेतला.