मोगऱ्याला वास नव्हता

सातव्या महिन्यात माझ्या उलट्या अचानक थांबल्या. सासूबाई सुकट भाजत होत्या आणि मी शेजारी उभी राहून निवांत चहा पीत होते. त्याच वासाने आधीचे सहा महिने मला घरभर पळवलं होतं. "बघ, सातवा लागला की बाळ शहाणं होतं," सासूबाई म्हणाल्या. अंग कसकसत होतं, तेही आम्ही पोटातल्याच्या नावावर खपवलं. गरोदर बाईला काहीही झालं तरी कारण तयार असतं.

त्याच आठवड्यात माझं डोहाळजेवण झालं. कोविडची दुसरी लाट होती, म्हणून मानपाड्याच्या आमच्या वन बीएचकेत माणसं तीनच: मी, नवरा आणि सासूबाई. बाकी नातेवाईक मोबाईलमध्ये. पण फुलांची वाडी भरायची हौस सासूबाईंनी काही सोडली नाही. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं मोगऱ्याचं. पोळ्याच्या बैलासारखी सजून मी पाटावर बसले, मनगट नाकाशी नेलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हा मोगरा प्लास्टिकचा आहे का?"

मोबाईलमधले सगळे चेहरे एकदम मागे सरकले. मावशींनी तर तिकडे टिटवाळ्यात बसल्या बसल्या तोंडावर पदर घेतला.

टेस्टमध्ये मी पॉझिटिव्ह निघाले, नवरा आणि सासूबाई निगेटिव्ह. माझी रवानगी बेडरूममध्ये झाली. सासूबाईंना शुगर होती, त्यामुळे त्यांची घाबरगुंडी उडालेली. माझं ताट त्या मॉपच्या दांड्याने आत ढकलायच्या. पण माझी प्रतिकारशक्ती वाढवायचा विडाही त्यांनीच उचलला होता. सुंठ, मिरी, दालचिनी, गुळवेल. दिवसातून चारदा काढा. माझ्या घशापासून पोटापर्यंत नुसती आग.

डॉक्टरबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्या भडकल्याच. "काढा आधी बंद करा. बाळ अर्धं नवऱ्याचं, म्हणजे तुमच्या शरीराला अर्धं परकंच. ते बाहेर टाकलं जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती या दिवसांत जरा वेगळी वागते. त्यात हा विषाणू शिरला की कधी ती कमी पडते, कधी नको तेवढी खवळते. खवळली तर त्रास तुम्हालाही आणि बाळाला पोसणाऱ्या वारेलाही. ताप चढू देऊ नका, ऑक्सिजन बघत राहा आणि बाळाच्या हालचाली मोजा."

"मी पहिल्यापासून सांगत्येय," दाराआडून सासूबाई म्हणाल्या, "पोर आमच्या घरचं आहे."

"अर्धं!" मी आतून ओरडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं तरी पोटात काही हललं नाही. एरवी जेवले की आत दंगा सुरू व्हायचा. मी डाव्या कुशीवर वळले, गार सरबत प्यायले, पोटावर टिचक्या मारल्या. काही नाही. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. डॉक्टर म्हणाल्या, "अजून तासभर बघा, नाहीतर सरळ इकडे या." नवरा खाली गाडीची सोय बघायला धावला. मी उशीत तोंड खुपसून रडायला लागले, आणि ते बाहेर ऐकू गेलं असणार.

दार उघडलं. दोन मास्क लावून सासूबाई आत आल्या.

"आई, बाहेर जा! तुम्हाला शुगर आहे."

"गप गं तू." त्या पलंगावर टेकल्या, माझ्या पोटावर हात ठेवला आणि आतल्याला दम भरला, "काय रे ए, आईला रडवतोस? हल बघू."

बराच वेळ गेला. मग त्यांच्या तळहाताखाली एक ठोसा बसला. लगेच दुसरा.

त्यांनी हात काढला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मास्क वरून भिजत चालला होता. मला त्यांना मिठी मारायची होती, पण मी श्वास रोखून भिंतीकडे तोंड केलं.

"एक, दोन झाले," त्या म्हणाल्या. "पुढचे मी मोजते. तू झोप."